खांदे सैल!

मे महिन्याच्या सुट्टीत महाराष्ट्रातल्या कुठल्याही मध्यम शहरात संध्याकाळी साडेपाचला घराबाहेर पडलं, की कराटेचा वर्ग आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. शाळेचं पटांगण नाहीतर सोसायटीचा हॉल, पांढऱ्या गणवेशातली तीस-चाळीस मुलं आणि सगळ्यांच्या तोंडून एकदम फुटणारी आरोळी. पहिल्या आठवड्यात समोरच्या झाडावरचे कावळे उडून जातात. दुसऱ्या आठवड्यापासून तेही जागचे हलत नाहीत.

फटक्यात ताकद यायला आणि हाताला वेग यायला वर्षं लागतात. आरोळी मात्र पहिल्याच दिवशी जमते. तिची टिंगल करायचं कारण नाही. ओरडताना श्वास झटक्यात बाहेर पडतो, पोट आवळलं जातं, धड घट्ट होतं आणि फटक्याला मागून आधार मिळतो. टेनिसपटूंवर झालेल्या एका अभ्यासात हुंकार देऊन मारलेल्या चेंडूचा वेग गप्प राहून मारलेल्या चेंडूपेक्षा चार-पाच टक्क्यांनी जास्त भरला. म्हणजे ओरडण्याने वरचे चार-पाच टक्के मिळतात. मूळचे शंभर ज्याचे त्याने घरून आणायचे असतात.

आरोळीनंतर नंबर बाहीचा. कराटेचा गणवेश जाड सुती कापडाचा असतो. हात झपकन पुढे काढून जागच्या जागी थांबवला, की बाही 'फट्' वाजते. नवशिक्याला वाटतं, हा आपल्या ठोशाचा आवाज. तो पुन्हा पुन्हा ठोसा मारून तो ऐकतो आणि घरी जाऊन आजीलाही ऐकवतो. पट्ट्याच्या परीक्षेच्या आदल्या रात्री काही हुशार आया गणवेशाला कडक स्टार्च करतात. त्या दिवशी पिवळ्या पट्ट्याचं पोर काळ्या पट्ट्याइतकं वाजतं. ताकद अंगात येण्याच्या बरीच आधी बाहीत येते ती अशी.

मोठ्यांची बॅच सकाळी सहाची. तिथे आवाज कमी, हेतू गंभीर. साखर काठावर आल्याचं डॉक्टरांनी बजावलेले बँकेतले एक साहेब, जिममध्ये दोन वर्षं घालवून दंडाला बाही पुरेनाशी झालेला एक आयटीवाला, गर्दीत धक्के मारणाऱ्या कोणाला तरी एकदा कोपर हाणायचंच असा निश्चय करून आलेल्या दोन मैत्रिणी, आणि शाळा दुपारची म्हणून वडिलांबरोबर येणारी पाचवीतली एक काटकुळी मुलगी. शिकवणाऱ्या सरांकडे या सगळ्यांना मिळून एकच वाक्य असतं. ठोशाला तेच, लाथेला तेच, आणि चहाच्या टपरीवर कोणी ताठ उभा दिसला तर सवयीने तिथेही तेच तोंडातून निघतं: "खांदे सैल!"

सर हातात पॅड धरतात. आयटीवाला पुढे येतो, दातओठ खातो, मानेच्या शिरा फुगवतो आणि ठोसा हाणतो. 'धप्प'. सरांचा हात मागे ढकलला जातो खरा, पण त्यांच्या चेहऱ्यावरची माशीही उडत नाही. मग ती पाचवीतली मुलगी येते, केस कानामागे सारते, भलतीकडेच बघत पाय उचलते आणि पॅड 'चटाक्' करून वाजतं. सर बोटं झटकतात. आयटीवाला पॅड हातात घेऊन उलटसुलट करून बघतो. मुलीच्या अंगात त्याच्यापेक्षा जास्त ताकद आहे, अशातला भाग नाही. हॉलमधल्या खुर्च्या उचलायची वेळ आली की ती बरोबर वडिलांच्या मागे लपते. फरक इतकाच, की 'जोर लाव' असं तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.

कोपर सरळ करणारा स्नायू दंडाच्या मागच्या बाजूला, वाकवणारा पुढच्या. ठोसा मारायचा तर मागच्याने काम करायचं आणि पुढच्याने गप्प बसायचं. पण 'आता बघच' असं मनाशी म्हणत माणूस ठोसा मारतो तेव्हा तो दोन्ही एकदम आवळतो. सोसायटीच्या सभेत अध्यक्ष ठराव मांडत असताना सेक्रेटरी त्याच दमात विरोध नोंदवत असतात, तसं हे. दोघंही घामाघूम होतात, ठराव जागचा हलत नाही. बघणाऱ्याला वाटतं, केवढी ताकद लावतोय! लावतोच तो. पण त्यातली बरीचशी स्वतःच्याच विरुद्ध.

ताकद आणि वेग यांचं जमत का नाही, याचा पक्का हिशेब बेडकाने दिला. ए. व्ही. हिल हे ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ. स्नायूंत निर्माण होणाऱ्या उष्णतेवरच्या कामासाठी त्यांना १९२२ चं नोबेल मिळालं होतं. १९३८ मध्ये त्यांनी बेडकाच्या पायाच्या स्नायूवर प्रयोग करून दाखवलं, की स्नायूवर ओझं जितकं जास्त तितका तो सावकाश आखडतो, आणि ओझं जितकं हलकं तितका भरभर. सगळा जोर आणि सगळा वेग एकाच वेळी हाती लागत नाहीत. फटक्यात कामाला येतो तो या दोघांचा गुणाकार, आणि तो सर्वांत मोठा भरतो साधारण एक तृतीयांश जोर आणि एक तृतीयांश वेगाच्या आसपास. दोन्ही टोकांना तो शून्य. भिंत ढकलणाऱ्याचा जोर भरपूर, वेग शून्य. हवेत हात फिरवणाऱ्याचं बरोबर उलट.

आता गंमत अशी, की सकाळच्या बॅचमध्ये दोन पंथ असतात आणि ते नेमके या दोन टोकांना बसलेले असतात. एक वजनवाल्यांचा. त्यांचं म्हणणं, बारवर आणखी दहा किलो चढले की ठोसा आपोआप सुधारतो. दुसरा हवेत मारणाऱ्यांचा. ते रोज शे-पाचशे ठोसे हवेला देतात आणि वजनं उचलल्याने अंग 'बांधलं जातं' असं चहा पिताना एकमेकांना पटवतात. बेडकाची साक्ष दोघांच्याही विरुद्ध जाते. जड वजनाने पाया तयार होतो, हलक्या वेगवान हालचालीने टोक तयार होतं, आणि मधली जागा भरायला उड्या मारणं, जड चेंडू जीव खाऊन भिंतीवर फेकणं असले उद्योग करावे लागतात. ही मधली जागा दोन्ही पंथ टाळतात, कारण चेंडू फेकताना माणूस रुबाबदार दिसत नाही.

यात तिसरा एक उपपंथ आहे. तो मनगटाला वजनं बांधून ठोसे मारतो. सिनेमात ते छान दिसतं. प्रत्यक्षात त्या वजनाला थांबवायचं काम शेवटी कोपराच्या सांध्यावर पडतं, आणि कोपर महिन्याभरात तक्रार नोंदवतं. वजनांशी घाई करू नये हे शिकायला खुद्द ब्रूस ली यांनाही मोठी किंमत मोजावी लागली. १९७० मध्ये खांद्यावर बार घेऊन कमरेतून वाकण्याचा व्यायाम त्यांनी अंग पुरेसं गरम न करता केला, पाठीला इजा झाली आणि कित्येक महिने त्यांना अंथरुणात काढावे लागले. पुन्हा लाथ मारता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी वह्याच्या वह्या भरून टिपणं काढली. वॉर्मअपला नेमकी दहा मिनिटं उशिरा येणाऱ्या बँकेतल्या साहेबांना सर हा किस्सा अधूनमधून सांगतात. साहेब तो मन लावून ऐकतात. उशिरा आल्यामुळे अर्धाच ऐकायला मिळतो.

पाया कसा घालायचा हे विचारायला मात्र महाराष्ट्राला बेडकाकडे जायची गरज नव्हती. कोल्हापूरच्या तालमीत नवीन पोरगं दाखल होतं ते डोक्यात ढाक, धोबीपछाड, एकचाक, पोकळ घिस्सा असले सगळे डाव घेऊन. वस्ताद त्याच्या हातात फावडं देतात. पहाटे उठून हौद्यातली लाल माती खालीवर करायची. माती ताक, हळद, तेल, लिंबू, कापूर घालून मऊ केलेली असते, पण फावड्याला ती माती म्हणूनच लागते. पोराला वाटतं, आपल्याला गड्याच्या कामाला लावलं. महिन्याभराने लक्षात येतं, की पाय रोवून, कंबर वळवून, खांद्यातून पुढे काढायची ती सगळी हालचाल कुस्तीचीच होती. मग जोर, मग बैठका. बैठकही नुसती उठाबस नव्हे: खाली जाताना टाचा उचलतात, हात झुलतात, श्वासाची लय धरतात. पायांपासून वर येणारी ताकद कमरेतून हातात जाते हे वस्ताद तोंडाने कधीच सांगत नाहीत. पोराच्या मांड्या चार दिवस जिना चढताना ते सांगत असतात.

शहरातले हौशी लोक तालमीतून काहीतरी घ्यावं म्हणून घेतात, त्यात पहिला उचलला जातो खुराक. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी वाटून दुधात घातलेली थंडाई पहिल्या आठवड्यात सुरू होते. तुपाचं प्रमाण दुसऱ्या आठवड्यात ठरतं. बैठका पुढल्या महिन्यापासून.

तालमीतली दुसरी गोष्ट शहराने तितक्याच उत्साहाने उचलली, ती म्हणजे आकडा. गामा पैलवान रोज हजारोंनी जोर-बैठका काढत, अशा कथा तीन पिढ्या सांगितल्या गेल्या आहेत. त्यामुळे व्यायाम म्हटला की मराठी माणूस आधी किती हे विचारतो. "पाचशे काढल्या" म्हटल्यावर माना डोलतात. "पाचच लाथा मारल्या, पण जीव तोडून, आणि मधे तीन-तीन मिनिटं बसलो" असं कोणी सांगितलं, तर त्याच्या घरच्यांना कळवलं जाईल.

आणि नेमकं तेच करायचं असतं. पूर्ण वेगाने, पूर्ण ताकदीने केलेली हालचाल स्नायूतल्या फॉस्फोक्रिएटिन नावाच्या साठ्यावर चालते. हा साठा साधारण दहा सेकंदांत उतरतो आणि बराचसा परत भरायला दोन-तीन मिनिटं लागतात. तोवर थांबलं नाही तर पुढचा फटका आधीच्यापेक्षा मंद बसतो. असे दोनशे मंद फटके मारले की अंग मंद फटका मारण्यात तरबेज होतं. दम वाढतो, घाम येतो, समाधान भरपूर मिळतं. वेग तेवढा मिळत नाही.

हे तत्त्व सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी १९६० च्या दशकात उड्यांना लावलं. उंच ठोकळ्यावरून खाली उतरायचं आणि पाय जमिनीला लागताक्षणी, जमीन तापलेली आहे असं समजून, वर उसळायचं. खाली येताना स्नायू आणि कंडरा ताणल्या जातात, त्या ताणातली ऊर्जा लगेच वापरली तर उडी मोठी जाते. जरा रेंगाळलं की ती वाया. याच्या मोजक्याच उड्या, मधे भरपूर विश्रांती. पुढे हा प्रकार प्लायोमेट्रिक्स या नावाने जगभर गेला आणि मोबाईलवरच्या व्हिडिओंतून तिसऱ्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत येऊन पोहोचला. तिथे स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून पहिली उडी पडते. दुसरी पडते. तिसरीच्या आत दुसऱ्या मजल्यावरचे काका वर आलेले असतात. मधली सक्तीची विश्रांती अशा रीतीने काटेकोरपणे पाळली जाते.

वर्गात मात्र ती पाळणं फार अवघड, कारण काचेपलीकडे पालक बसलेले असतात. सर मुलांना पाच कडक लाथा मारायला लावतात आणि भिंतीला टेकून बसवतात. पहिल्या मिनिटाला एक वडील घड्याळ बघतात. दुसऱ्या मिनिटाला एक आई शेजारणीला विचारते, "आज काही शिकवत नाहीयेत वाटतं?" तिसऱ्या मिनिटाला खाकरण्याचे आवाज येतात. महिन्याची फी भागिले मिनिटं हे गणित प्रत्येकाने मनात केलेलं असतं आणि बसून राहिलेलं मूल त्यात नुकसानीच्या बाजूला पडतं. बिचारे सर शेवटी सगळ्यांना उठवून मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावतात. काचेपलीकडे शांतता पसरते. मुलं दमून, लाल होऊन, पाय ओढत बाहेर येतात आणि पालक एकमेकांना म्हणतात, "आज छान घेतलं." वेग आणि ताकद या दोन्हींचं त्या संध्याकाळपुरतं भलं झालेलं नसतं. पण मूल घरी गेल्यावर लवकर झोपतं, आणि खरं म्हणजे बऱ्याच घरांतून ते त्याचसाठी पाठवलेलं असतं.

विश्रांतीची किंमत काय असते, हे ज्यांना बघायचं त्यांनी १९५२ चं हेलसिंकी बघावं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी तिथे ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबा अंगापिंडाने काही आडदांड नव्हते. त्यांचं भांडवल चपळाई आणि डाव. चार वर्षं आधी लंडनला ते सहावे आले तेव्हा त्यांच्यापुढची अडचण पायाखाली होती: आयुष्यभर मातीत खेळलेल्या मल्लाला तिथे गादीवर उतरावं लागलं होतं. मातीत पाय रुततो, हात मुरतो, पकडीला वेळ मिळतो. गादीवर पाय सरकतो आणि घड्याळ पळतं. ते सगळं उमगून घेऊन ते हेलसिंकीला उभे राहिले. तिथे जपानच्या शोहाची इशीशी लांबलेल्या लढतीनंतर लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद ममादबेयोव्हसमोर उतरायला सांगण्यात आलं. दोन लढतींत किमान अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. पण तो दाखवून भांडायला एकही भारतीय पदाधिकारी जागेवर नव्हता. इशी सुवर्ण घेऊन गेला, ममादबेयोव्ह रौप्य. आपल्याकडे विश्रांतीसाठी भांडणारा माणूस कधीच जागेवर नसतो, ही तक्रार तेव्हाचीच म्हणायची.

समजा, पाया झाला, उड्या झाल्या, विश्रांतीही झाली. तरी आयटीवाल्याचा ठोसा 'धप्प'च का? याचं उत्तर शोधायला कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या स्टुअर्ट मॅगिल यांनी अव्वल एमएमए खेळाडूंच्या स्नायूंवर विद्युत तारा चिकटवल्या. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असं दिसलं, की फटका सुटताना धडाचे स्नायू एकदा आवळतात, मग हातपाय वाटेत असताना सैल होतात आणि लक्ष्याला लागताना पुन्हा आवळतात. दोन शिखरं, मधे दरी. शिखरं सगळ्यांकडे असतात. दरी नसते. सकाळी दूधवाल्याशी वाद घालून, पार्किंगवरून तोंड वाजवून, दिवसभराच्या मीटिंगांचा विचार करत वर्गात आलेल्या माणसाने मधल्या एका दशांश सेकंदात सैल व्हायचं म्हणजे जरा जास्तच मागणं झालं.

त्याहून पुढची गोष्ट लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०१२ मध्ये मांडली. त्यांनी बारा ब्लॅकबेल्ट घेतले आणि तितकीच माणसं अशी घेतली, जी व्यायाम तेवढाच करत पण मार्शल आर्ट्स शिकलेली नव्हती. दोघांनाही अवघ्या पाच सेंटिमीटर अंतरावरून ठोसा मारायला लावला. ब्लॅकबेल्टवाल्यांचा ठोसा भारी निघाला, पण दंडाच्या ताकदीमुळे नव्हे. खांदा आणि मनगट यांच्या वेगाचं टायमिंग त्यांना जास्त नेमकं जुळवता येत होतं. मेंदूच्या स्कॅनमध्येही हालचालींचा मेळ घालणाऱ्या भागांच्या जोडण्यांत फरक दिसला. तात्पर्य, दंड मोजायची टेप जिथे लावतात तिथे ठोसा राहतच नाही.

थोड्या अंतरावरून ठोसा म्हटलं की हमखास १९६४ ची लाँग बीचची कराटे स्पर्धा निघते. तिथे ब्रूस ली यांनी छातीपासून इंचभर अंतरावर मूठ धरून एका धिप्पाड स्वयंसेवकाला मागे फेकलं. जगभरातल्या मुलग्यांनी तो प्रयोग तेव्हापासून धाकट्या भावांवर करून पाहिला आहे. बहुतेकांच्या नजरेतून दोन बाबी निसटतात. पहिली, त्या इंचभरात हात जेमतेम सामील होता; मागचा पाय, गुडघा, कंबर यांनी आधी काम संपवलेलं होतं. दुसरी, स्वयंसेवकाच्या मागे खुर्ची ठेवलेली होती. दिवाणखान्यातले प्रयोग खुर्चीशिवाय होतात आणि धाकटा भाऊ शोकेसवर जाऊन पडतो.

आवळणं आणि सोडणं यांचा हा खेळ आपल्याकडच्या मल्लखांबाने फार आधी ओळखला होता. पेशवाईच्या शेवटच्या काळात बाळंभट दादा देवधरांनी त्याला नवा जन्म दिला, असं मानलं जातं. खांबाला एरंडेल लावलेलं असतं. नुसतं आवळून धरलं तर पुढची उडी घेता येत नाही, नुसतं सैल सोडलं तर खाली येता येतं. इथे सरांनी "खांदे सैल" असं ओरडायची गरज पडत नाही. खांब परस्पर समज देतो.

एवढं सगळं कमावलं आणि समोर जिवंत माणूस उभा राहिला, की पुन्हा गोंधळ. ऑलिंपिक दर्जाच्या मुष्टियोद्ध्यांचा हात सेकंदाला ९ मीटरच्या आसपास वेग गाठतो, असं मोजमापात आढळलं आहे. अर्धा मीटर अंतर कापायला त्याला एक दशांश सेकंद पुरतो. डोळ्यांनी बघून हात हलायला साध्या माणसाला सुमारे दोन दशांश सेकंद लागतात. म्हणजे ठोसा बघून अडवू म्हणणाऱ्याच्या बाबतीत ठोसा पोहोचून, काम आटपून परतीच्या वाटेला लागलेला असतो. मुरलेले खेळाडू म्हणूनच मूठ बघत नाहीत. समोरच्याचा खांदा, कंबर, पुढच्या पायावर सरकणारा भार बघतात. नवशिका सगळंच बघतो. तो समोरच्याची मूठ बघतो, स्वतःची मूठ बघतो, सरांकडे बघतो आणि तेवढ्यात त्याच्या नाकाला काहीतरी लागतं. यानंतरचा संवाद सगळ्या वर्गांत सारखाच असतो. "सॉरी, लागलं का?" "छे छे, काहीच नाही." डोळ्यांतून पाणी. "ऊन आलंय खिडकीतून." मग दोघंही पुढची पाच मिनिटं एकमेकांना इतक्या हळुवारपणे मारतात, की त्यापेक्षा लग्नातल्या पंगतीत आग्रह जोरात होतो.

आणि समोरचा लढायलाच राजी नसेल तर ताकद आणि वेग घेऊन काय करायचं, हा प्रश्न खुद्द गामांना पडला. १९१० च्या सप्टेंबरात लंडनमध्ये पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशी त्यांची लढत झाली. गामांनी सुरुवातीलाच त्याला खाली आणलं. झिबिस्को मग उठलाच नाही. पोटावर पसरून मॅटला बिलगून राहिला, ते अडीच तासांहून जास्त. लढत बरोबरीत सुटली. आठवड्याने पुन्हा बोलावलं तर तो फिरकलाच नाही आणि गामांना विजेता जाहीर करावं लागलं. फेरलढत झाली ती १९२८ मध्ये पतियाळात, मातीवर. दोघंही पन्नाशीच्या आसपास. या वेळी गामांनी त्याला आडवं व्हायला सवडच दिली नाही. मिनिटाच्या आत कुस्ती निकाली. एवढ्याचसाठी अठरा वर्षं थांबलेल्या प्रेक्षकांतले काही जण पागोटं सावरेपर्यंत सगळं आटपलं असणार.

वर्गात अशी भव्य मैदानं नसतात. तिथे फळी असते. वर्षातून एकदा, प्रात्यक्षिकाच्या दिवशी, लाकडाच्या वखारीतून फळ्या येतात आणि पालक मोबाईल काढून बसतात. या फळी फोडण्याच्या विद्येवर मायकेल फेल्ड, रोनाल्ड मॅकनेअर आणि स्टीफन विल्क या तिघांनी १९७९ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात पूर्ण लेख लिहिला होता. यातले मॅकनेअर लेझरचे पदार्थवैज्ञानिक, कराटेचे ब्लॅकबेल्ट आणि पुढे अंतराळवीर. १९८६ च्या चॅलेंजर दुर्घटनेत ते गेले. त्यांच्या हिशेबाप्रमाणे लाकडाची फळी तोडायला हाताला सेकंदाला सुमारे ६ मीटर वेग हवा, काँक्रीटच्या लादीला १० मीटरहून थोडा जास्त. पहिला नवशिक्यालाही जमण्यासारखा. आणखी एक बारीक गोष्ट त्यांनी मोजली: सरळ ठोशात हाताचा सर्वाधिक वेग हात पूर्ण लांब होण्याच्या बऱ्याच आधी, साधारण तीन चतुर्थांश अंतरावर येतो. त्यापुढे हात स्वतःच ब्रेक लावू लागतो. म्हणून फळीवर मारायचं नसतं. फळीच्या पलीकडे मारायचं आणि फळी वाटेत येऊ द्यायची.

बँकेतल्या साहेबांना हे दोन वर्षं सांगून झालेलं असतं. दोन विटांवर फळी आडवी मांडलेली, वरून मुठीचा घाव घालायचा. साहेब कंबर बांधतात, आरोळी देतात, हात वर जातो, आणि फळीपासून चार बोटांवर पोहोचताच मनात गेल्या वर्षीचा सुजलेला हात येतो. तिथे हात कचरतो. फळी शाबूत. न तुटलेली फळी तुटलेलीपेक्षा जास्त लागते, कारण सगळा दणका हाताकडेच परत येतो. प्रेक्षकांतून सहानुभूतीच्या टाळ्या पडतात, त्या तर आणखी लागतात. सर कानाशी येऊन नेहमीचे दोन शब्द बोलतात. साहेब वैतागून "जाऊ द्या हो आता" असं काहीतरी पुटपुटत, अर्धवट मागे वळून, जवळजवळ निरुत्साहाने हात खाली टाकतात. कडकन दोन तुकडे.

हॉलमध्ये गलका होतो. साहेब आधी फळीकडे, मग मुठीकडे, मग तिसऱ्या रांगेत मोबाईल घेऊन बसलेल्या पत्नीकडे बघतात. घरी आल्यावर व्हिडिओ लावला जातो. त्यात वाकून बघणारे सर आहेत, अखंड फळी आहे, साहेबांचं 'जाऊ द्या' आहे, मग थोडा वेळ पंखा आणि छत आहे, आणि त्यानंतर थेट दोन तुकडे आहेत. पहिल्यांदा फळी न तुटल्यामुळे बाईंनी मोबाईल पर्समध्ये ठेवायला घेतला होता. सोमवारी बँकेत मात्र साहेब तो व्हिडिओ कर्जविभागापासून कॅशपर्यंत सगळ्यांना दाखवतात. हात कुठे दिसत नाही, असं कोणी विचारलंच, तर वेग साध्या मोबाईलच्या कॅमेऱ्यात येत नसतो, असं सांगतात.